आधी सातबारा, मग सही

साखरखेर्ड्याची ग्रामसभा, सरपंच, ग्रामपंचायत सदस्य आणि महात्मा गांधी तंटामुक्त गाव समितीची सर्व मंडळी यांना,



११ ऑक्टोबर १७२४ ला आपल्या शिवारात निजामुल्मुल्कानं मुबारिज खानाचा पराभव केला. हैदराबादच्या निजामाचं राज्य त्या लढाईतून उभं राहिलं, आणि विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. सरकारी दप्तरात ते नाव पुढे कितीतरी वर्षं चाललं. लोक मात्र साखरखेर्डाच म्हणत राहिले आणि शेवटी दप्तराला लोकांपुढे नमतं घ्यावं लागलं. गावाच्या नावाचं असं चालतं. वावराच्या नावाचं चालत नाही. एखाद्या बाईनं चाळीस वर्षं निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, सोयाबीन सोंगलं, आणि साऱ्या गावानं त्या वावराला तिचं वावर म्हटलं, तरी सातबाऱ्यावर तिचं नाव नसेल तर ज्या दिवशी नवरा-बायको वेगळे होतात त्या दिवशी ते वावर तिचं नसतं. हे पत्र त्या दिवसाबद्दल आहे.

मी अर्जनवीस. तीस वर्षं तहसील कचेरीबाहेर टेबल टाकून बसलो. वारसाचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, करारनामे आणि फारकतीचे कागद लिहिले. तरुण जोडप्यांचे लिहिले तसे म्हाताऱ्यांचेही लिहिले. साठीच्या पुढचं जोडपं वेगळं होतं यावर आजही पुष्कळांचा विश्वास बसत नाही. म्हातारपणी कशाला हे, असं म्हणून विषय टाळला जातो. पण होतं ते. लेकरांची लग्नं उरकेपर्यंत थांबलेली भांडणं असतात. दारू असते. दुसरं घर केलेलं असतं. कधी बुढा धाकट्याकडे आणि बुढी थोरल्याकडे अशी वाटणी मुलांनीच केलेली असते, आणि पुढे तीच कायमची ठरते. कधी बाईच म्हणते की आता पुरे, उरलेली वर्षं मला शांततेत काढू द्या. कारण कोणतंही असो, कागद करायची वेळ आली की गावात एकच रीत. एक स्टॅम्प, पाच पंच, दोन साक्षीदार, बाईचा अंगठा.

असा एक कागद मी लिहिला होता. बाई एकसष्ट वर्षांची, दुसऱ्या गावची. नवरा सरकारी नोकरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेला. पेन्शन चालू, शिवाय चार एकर कोरडवाहू. सोबत दोन मुलं, गावची पंच मंडळी आणि चाळीस हजार रुपये. मी सरावानं लिहीत गेलो : आम्ही उभयता राजीखुशीने वेगळे राहत आहोत, यापुढे एकमेकांवर कोणताही हक्क, पोटगी, वारसा मागणार नाही. लिहून वाचून दाखवलं. शाईच्या डबीवर अंगठा टेकवण्याआधी बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊ, माह्या नावावर आता काय राहिलं?" मी पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान हलवली. मी डबी पुढे सरकवली.

सहा वर्षांनी ती पुन्हा टेबलापाशी आली, घडीवर विरलेला तोच कागद घेऊन. नवरा वारला होता. मुलांनी सांगितलं होतं की तुझी फारकत झाली, तुझा काही संबंध नाही. ही सहा वर्षं तिनं भावाच्या ओसरीत काढली होती, कपाळाला कुंकू लावावं की नाही हे कोणाला विचारावं ते न कळून. मी तिला विधी सेवेच्या एका वकीलबाईंकडे नेलं. त्यांनी कागद वाचला आणि पहिलंच वाक्य बोलल्या, "हा घटस्फोट नाही." कायद्याच्या नजरेत ती अजून त्याची बायको होती, म्हणजे आता त्याची विधवा. कुटुंब निवृत्तिवेतन तिचं होतं. त्याच्या जमिनीत मुलांच्या बरोबरीनं तिचा वारसा होता. सगळं मार्गी लागायला तीन वर्षं गेली. मी लिहिलेल्या खोट्या कागदानं तिला सहा वर्षं परक्याच्या दारात बसवलं, हे मी विसरलेलो नाही. त्याहून एक गोष्ट मला झोपू देत नाही. त्या दिवशी तोच मजकूर घेऊन मंडळी कोर्टात गेली असती आणि खरा घटस्फोट झाला असता, तर तिला तीन वर्षांनीसुद्धा काही मिळालं नसतं.

मंडळी, ही दोन वाक्यं नीट समजून घ्या. स्टॅम्पवरची फारकत बहुतेक वेळा घटस्फोट नसते. आणि कोर्टातला खरा घटस्फोट म्हातारपणी बाईचं सगळ्यात मोठं धन कापून टाकतो. ते धन म्हणजे उद्याची वारस म्हणून तिची जागा.

पहिली गोष्ट. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं रूढीनं चालत आलेली काडीमोड पूर्णपणे बंद केली नाही. कलम २९ मध्ये तिला जागा ठेवली आहे. पण आपल्या समाजात अशी रूढी आहे, ती जुनी आहे, सलग चालत आलेली आहे, हे जो म्हणतो त्यानं पुराव्यानं सिद्ध करावं लागतं. २००२ मध्ये यमनाजी जाधव विरुद्ध निर्मला या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच बजावलं. पाच पंचांच्या सह्या म्हणजे रूढीचा पुरावा नव्हे. म्हणून अशा कागदाच्या भरवशावर पुरुषानं दुसरं लग्न केलं तर ते बहुधा रद्दबातल ठरतं आणि त्या दुसऱ्या बाईलाही पत्नीचे हक्क मिळत नाहीत. तिच्या लेकरांना मात्र बापाच्या वाट्यात हिस्सा आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये रेवणसिद्दप्पा खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसं स्पष्ट केलं. म्हणजे एका कागदातून दोन बायकांची आणि दोन घरच्या लेकरांची भांडणं उभी राहतात आणि पुढची वीस वर्षं चालतात.

त्या कागदातला 'राजीखुशीने' हा शब्द तर फार वाईट. मी तो शेकडो वेळा लिहिला आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेतलं पोटगीचं जुनं कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे. त्यात तरतूद आहे की नवरा-बायको परस्परसंमतीनं वेगळे राहत असतील तर बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. बाई मार खाऊन बाहेर पडलेली असते, आणि आम्ही लिहितो राजीखुशीने. उद्या ती पोटगी मागायला गेली की समोरचा वकील हाच शब्द तिच्यापुढे ठेवतो. हक्क सोडल्याचं लिहून घेतलं तरी पोटगीचा हक्क असा करारानं संपत नाही, असं न्यायालयांनी पुन्हा पुन्हा म्हटलं आहे. पण ते पटवून देण्यात तिची दोन वर्षं जातात, आणि साठीच्या बाईजवळ वर्षं मोजकी असतात.

आता दुसरी गोष्ट, खऱ्या घटस्फोटाची. दोघांची खरीच संमती असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली, वर्षभर वेगळं राहिल्यावर अर्ज करता येतो. मधले सहा महिने योग्य प्रकरणात न्यायालय माफ करू शकतं, हे २०१७ पासून ठरलं आहे. पण त्या दिवशी काय संपतं ते बाईला कोणी सांगत नाही. हिंदू उत्तराधिकार कायद्यात विधवा ही पहिल्या वर्गाची वारस आहे, मुला-मुलींच्या बरोबरीची. घटस्फोटित बाई विधवा होत नाही, म्हणून ती या यादीतून कायमची जाते. सरकारी नोकराच्या कुटुंब निवृत्तिवेतनातूनही जाते. एसटीचा वाहक, जिल्हा परिषदेचा शिक्षक, पाटबंधारे खात्याचा चौकीदार, यांच्या बायकांना हे आधी कळायला हवं. नवऱ्याच्या माघारी मिळणारी दरमहा रक्कम हीच पुष्कळ जणींची शेवटची शिदोरी असते. कोर्टातून मिळालेली महिन्याची पोटगी मात्र नवऱ्याच्या हयातीपुरतीच धरून चालावी. तो पंच्याहत्तरीचा असेल तर ती किती वर्षं चालेल? हा हिशेब करायचा असतो, आणि करताना डोळ्यांत पाणी आलं तरी करायचा असतो.

म्हणून माझं मत मी उघड सांगतो. पन्नाशी-साठीच्या बाईनं, जिच्या नावावर काही नाही तिनं, आधी वेगळं राहण्याची आणि पोटगीची सोय करावी आणि घटस्फोट शेवटी ठेवावा. मारझोडीच्या घरात एक दिवसही काढू नये. पण घर सोडणं आणि घटस्फोट घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९५६ च्या दत्तक व निर्वाह कायद्याच्या कलम १८ खाली, नवऱ्यानं टाकलं असेल, छळ केला असेल किंवा दुसरी बायको केली असेल, तर पत्नीला वेगळं राहूनही पोटगी मागता येते आणि ती पत्नीच राहते. न्यायिक विभक्ततेचाही मार्ग आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे. घर सासऱ्याच्या नावावर आहे एवढ्या कारणानं तो नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं. आणि बाईलाच घटस्फोट हवा असेल, त्या नात्याचं नावसुद्धा अंगावर नको असेल, तर तो तिचा निर्णय आहे, त्याला कोणी आडकाठी करू नये. फक्त तिनं हिशेब पाहून सही करावी.

हा हिशेब कोणत्याही एका धर्माचा नाही. आपल्या गावात सगळ्या समाजाची घरं आहेत, म्हणून इंदूरच्या शाहबानोची आठवण करून देतो. १९३२ मध्ये लग्न, पाच लेकरं, नवरा वकील. १९७५ मध्ये घराबाहेर काढलं. १९७८ मध्ये पोटगीचा अर्ज केला तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती, आणि अर्ज चालू असतानाच नवऱ्यानं तलाक दिला. तिचं नाव घेऊन देशात एवढं राजकारण झालं की मूळ रक्कम लोक विसरले. खालच्या न्यायालयानं महिन्याला पंचवीस रुपये दिले होते. उच्च न्यायालयानं ते १७९ रुपये २० पैसे केले. २३ एप्रिल १९८५ ला सर्वोच्च न्यायालयानं तिचा हक्क कायम केला. तो निकाल सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड यांनी लिहिला. पुढे घटस्फोटित मुस्लिम स्त्रियांसाठी १९८६ चा कायदा आला, २००१ मध्ये न्यायालयानं त्याचा अर्थ बाईच्या बाजूनं लावला आणि १० जुलै २०२४ ला पुन्हा सांगितलं की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही कलम १२५ चा आधार आहे. सेहेचाळीस वर्षांच्या संसाराची किंमत एका कागदावर पंचवीस रुपये ठरली होती, हे आपण विसरता कामा नये.

आणि दुसऱ्या टोकाचं उदाहरण. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एकोणनव्वद वर्षांच्या एका निवृत्त हवाईदल अधिकाऱ्याचा घटस्फोटाचा अर्ज नाकारला. लग्न १९६३ चं, खटला १९९६ पासूनचा. ब्याऐंशी वर्षांच्या पत्नीचं म्हणणं एवढंच होतं की घटस्फोटित हा शिक्का घेऊन तिला मरायचं नाही. सत्तावीस वर्षं हा खटला चालला. ज्यांना वाटतं की म्हातारपणी भांडण चटकन मिटेल, त्यांनी ही वर्षं मोजावीत. दोन्ही बाजूंनी वकील, तारखा, येणं-जाणं. आपल्याकडे एक तारीख म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं.

आता जमिनीकडे येतो, कारण आपल्या भागात पैसा म्हणजे जमीनच.

हिंदू विवाह कायद्याच्या कलम २५ मध्ये घटस्फोटाच्या वेळी किंवा नंतरही कायमची पोटगी मागता येते. त्यात एक ओळ आहे, जी पंचांनी लक्षात ठेवावी अशी माझी हात जोडून विनंती आहे. ही पोटगी नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेवर बोजा म्हणून ठेवता येते. सोसायटीच्या पीककर्जाचा बोजा सातबाऱ्याच्या इतर अधिकारात चढतो हे आपण रोज पाहतो. तसाच बायकोच्या पोटगीचा बोजा चढू शकतो. एकदा तो चढला की घेणाराला तो दिसतो आणि गुपचूप खरेदीखत होत नाही. पण आमच्या कागदात हे कधी येत नव्हतं, कारण कोणी मागत नव्हतं. बाईला माहीत नव्हतं आणि मला विचारलं नव्हतं. न विचारता सांगायला हवं होतं.

वडिलोपार्जित जमिनीचं वेगळं आहे. बायकोला नवऱ्याकडून वाटणी मागता येत नाही. पण बाप आणि मुलं वाटणी करतात तेव्हा आपल्याकडच्या हिंदू कायद्याप्रमाणे तिलाही एका मुलाएवढा हिस्सा मिळतो. तहसीलदारांपुढच्या वाटणीत, जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ च्या अर्जात, माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक कागदांत आईचा हिस्सा नव्हता. आई आमच्याजवळच राहील, असं मुलं म्हणत. ती राहायची, कधी कधी सहा महिनेच. वाटणीच्या दिवशी आईचं नाव लिहिलं असतं तर पुढे कोणाकडे राहायचं हा प्रश्न तिनं ठरवला असता.

आणि नवरा स्वखुशीनं देणार असेल तर वाट मोकळी आहे, फक्त ती कोणी दाखवत नाही. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८९ च्या सुमाराला लक्ष्मीमुक्तीची हाक दिली : शेतकऱ्यानं आपल्या जमिनीचा तुकडा आपल्या हातानं बायकोच्या नावे करावा. जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला गावकऱ्यांनी ते करून दाखवलं. विदर्भातही पुष्कळ गावं पुढे आली. १५ सप्टेंबर १९९२ ला महसूल खात्यानं परिपत्रक काढलं की नवऱ्यानं साधा अर्ज दिला तर त्याच्या हयातीतच पत्नीचं नाव सहहिस्सेदार म्हणून अधिकार अभिलेखात घ्यावं. मुद्रांक नाही, खरेदीखत नाही. तलाठी फेरफार घेतो, मंडळ अधिकारी प्रमाणित करतो. हे परिपत्रक आजही आहे. माझ्या तीस वर्षांत मी असे अर्ज लिहिले ते दोन्ही हातांच्या बोटांवर मोजता येतील.

एक गोष्ट मात्र खरी सांगायला हवी. फेरफार म्हणजे मालकीचा दस्त नव्हे. पुढे वाद होईल अशी शंका असेल तर नोंदणी केलेलं बक्षीसपत्र अधिक भक्कम. शेतजमीन किंवा राहतं घर पत्नीला बक्षीस देताना महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क दोनशे रुपये आहे. पण ही सवलत पत्नीसाठी आहे. घटस्फोट झाल्यावर ती पत्नी राहत नाही, म्हणून द्यायचं ठरलेलं असेल ते आधी द्यावं, सही नंतर करावी. आणि दस्तात 'पोटगीच्या हक्कापोटी' हे शब्द आवर्जून घालावेत. उत्तराधिकार कायद्याचं कलम १४ आणि १९७७ चा तुलसम्मा निकाल असं सांगतात की पोटगीपोटी बाईला मिळालेली मालमत्ता तिच्या पूर्ण मालकीची होते, कागदात हयातीपुरती म्हटलेलं असलं तरीही. दोन शब्दांनी एवढा फरक पडतो. मी शब्दांच्या कामावर पोट भरलं, म्हणून हे जोर देऊन सांगतो.

सातबाऱ्यावर नाव नाही म्हणजे बाई कागदावर शेतकरी नाही, हेही विसरू नका. पीएम-किसानचे वर्षाचे सहा हजार नवऱ्याच्या खात्यात, पीक विमा त्याच्या नावे, पीककर्ज त्याच्या नावे. वेगळी झाली की ती रातोरात मजूर होते.

कर्जाची बाजू तर कोणी बोलतच नाही. बचत गटाचं कर्ज तिच्या नावावर असतं आणि त्यातून घेतलेला फवारणीचा पंप त्याच्या खांद्यावर. मायक्रो फायनान्सचा हप्ता दर आठवड्याला तिच्या दारात येतो, मोटारसायकल त्याच्या अंगणात असते. पतसंस्थेत ती जामीनदार. वेगळं होताना वस्तू वाटल्या जातात, हप्ते वाटले जात नाहीत. बँकेला तुमचा घटस्फोट माहीत नसतो, तिला सही माहीत असते. पंचांनी वाटणी मांडताना पहिला प्रश्न हा विचारावा : कोणाच्या नावावर किती देणं आहे, आणि त्याचा माल कोणाकडे आहे?

दागिन्यांचं थोडक्यात. लग्नात आणि नंतर बाईला मिळालेलं सोनं हे तिचं स्त्रीधन. ते नवऱ्याच्या गहाण-पावतीवर असलं तरी मालकी तिची. सोनाराकडून वजनाची चिठ्ठी घ्यावी आणि फोटो काढून ठेवावा. आयुर्विमा १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली काढलेला असेल तर त्या रकमेला नवऱ्याचे सावकारही हात लावू शकत नाहीत. बँकेत वारसनोंद आहे म्हणून निर्धास्त राहू नये. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही, असं डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर खटल्यात पुन्हा सांगितलं.

कोर्टात जावंच लागलं तर नोव्हेंबर २०२० चा रजनेश विरुद्ध नेहा हा आपल्या नागपूर खंडपीठाच्या प्रकरणातून निघालेला निकाल उपयोगी पडतो. दोघांनीही उत्पन्न, जमीन, कर्ज, सगळ्याचं प्रतिज्ञापत्र द्यायचं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, असं त्यानं देशभर ठरवून दिलं. म्हणून अर्ज लवकर दाखल करावा. थकलेली पोटगी वसूल करायचा अर्ज ती देय झाल्यापासून वर्षाच्या आत करायचा असतो, ही मुदत पुष्कळ जणींची चुकते. वकिलाच्या फीची भीती वाटत असेल तर १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं प्रत्येक स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. १५१०० वर फोन करता येतो. घरात मारहाण होत असेल तर १८१.

नवऱ्यांबद्दलही दोन शब्द. वेगळा झालेला म्हातारा पुरुष मी पाहिला आहे. स्वयंपाक येत नाही, औषधाची वेळ कळत नाही, जमीन मुलाच्या नावे करून दिलेली असते आणि मुलगा फोन उचलत नाही. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली बाप असो वा आई, मुलांकडून महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाह मागता येतो, उपविभागीय अधिकाऱ्यांपुढे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन मुलानं सांभाळलं नाही तर कलम २३ खाली परत घेता येते, पण ती अट दस्तात लिहिलेली असली पाहिजे. म्हणजे पुन्हा शब्दांवरच येऊन ठेपतं.

आणि ज्या बाईला यातलं काहीच मिळणार नाही, नवऱ्याजवळच काही नाही, तिच्यासाठी संजय गांधी निराधार योजना आहे. टाकलेली बाई, घटस्फोटाच्या प्रक्रियेत असलेली आणि पोटगी न मिळणारी बाई, या सगळ्या पासष्टीपर्यंत त्यात बसतात. पुढे श्रावणबाळ योजना. महिन्याला दीड हजार. पुरत नाहीत, पण भावजयीच्या हातावर काही ठेवता येतं. परित्यक्ता हा शब्द सरकारी अर्जात आला तोही आपोआप आला नाही. १९८८ मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं आणि निशा शिवूरकरांनी परित्यक्तांची परिषद भरवली, मोर्चे काढले, वेगळं रेशनकार्ड मागितलं, तेव्हा कुठे टाकलेली बाई ही सरकारच्या डोळ्यांना दिसली.

माझं मागणं आता सांगतो. १५ ऑगस्ट २००७ ला आर. आर. पाटलांनी तंटामुक्तीची मोहीम सुरू केली ती भांडण कोर्टाबाहेर मिटावं म्हणून. ते चांगलं काम आहे आणि ते चालू राहावं. पण तंटामुक्त समितीच्या बैठकीत कुठल्याही बाईचा फारकतीच्या स्टॅम्पवर अंगठा घेतला जाणार नाही, असा ठराव साखरखेर्ड्याच्या ग्रामसभेनं करावा. पन्नाशीपुढचं जोडपं वेगळं होत असेल तर समितीनं आधी जमिनीचा उतारा, घराचा नमुना ८, पेन्शनचा कागद आणि कर्जाची यादी समोर मांडावी, बाईला विधी सेवेच्या वकिलाशी एकटीला बोलू द्यावं, आणि मगच पुढची गोष्ट काढावी. घराच्या नमुना ८ वर दोघांची नावं लावण्याची मोहीम ग्रामपंचायतीच्या हातातली आहे, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. ग्रामसभेच्या आधी जी महिला सभा कायद्यानं घ्यायची असते, तिथे तलाठ्यांनी लक्ष्मीमुक्तीचं परिपत्रक मोठ्यानं वाचून दाखवावं.

एका गावाच्या ठरावानं काय होतं, असं म्हणू नका. ४ मे २०२२ ला कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि दोन आठवड्यांच्या आत सरकारनं तो साऱ्या महाराष्ट्रापुढे ठेवला. हेरवाडनं बाईचं कुंकू वाचवलं. आपण तिचं वावर वाचवू शकतो. जिजाऊंच्या तालुक्यातलं गाव आहे आपलं. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला लोटणाऱ्या गर्दीत आपलीही माणसं असतात.

तो कागद घेऊन आलेली बाई आता नाही. शेवटची दोन वर्षं ती स्वतःच्या पेन्शनवर, स्वतःच्या खोलीत राहिली. सातबाऱ्यावर नाव लागलं तेव्हा तिनं मला उतारा दाखवायला आणला. वाचता येत नव्हतं तिला. कोणत्या ओळीत आहे ते मी बोट ठेवून दाखवलं, आणि तिनं पुन्हा पुन्हा त्याच ओळीवर स्वतःचं बोट फिरवलं.

पुढच्या ग्रामसभेच्या दिवशी सकाळी नऊपासून मी ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बसेन. लक्ष्मीमुक्तीचा अर्ज ज्याला करायचा असेल त्यानं बायकोला सोबत घेऊन यावं. चालू सातबारा, आठ-अ आणि दोघांचं आधार कार्ड लागेल. लिहिणावळ घेणार नाही. ज्या बायांना स्वतःचा जुना फारकतीचा कागद कोणाला दाखवायची लाज वाटते त्यांनी तो पदराखाली घेऊन यावा. मी तो वाचीन, आणि तुमच्यासमोर मोठ्यानं वाचणार नाही.

आपला,
एक जुना अर्जनवीस, साखरखेर्डा